१९८४ वाचली, निबंध लिहिला आणि आजीच्या नावापुढचा 'मयत' हा शेरा

सातपूरकर_०५

नमस्कार मंडळी, इथे दोन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, तरी वाचा.

मी एसवायबीएला आहे, इंग्लिश स्पेशल, नाशिकमध्येच. या सेमला जॉर्ज ऑर्वेलची १९८४ आहे आणि असाइनमेंट अशी की सरकार हातातल्या सत्तेचा गैरवापर कसा करतं यावर कादंबरी वाचून तुमचा स्वतःचा प्रतिसाद लिहा. आता स्वतःचा म्हटल्यावर मी स्वतःचाच लिहिला. घरात बसून माणसावर नजर ठेवणारे टेलिस्क्रीन, घराघरात कान लावून बसलेले थॉट पोलीस, खोली नंबर १०१ मधले उंदीर, चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणतात आणि दुसऱ्या दिवशी लोक रेशन २० ग्रॅमपर्यंत वाढवलं म्हणून आभार मानायला मोर्चा काढतात ते, सगळं लिहिलं. आणि शेवटची दोन पानं आजीवर लिहिली.

आजीचं असं झालं होतं. आजी गावी राहते, नाशिकपासून तासाभरावर, तालुक्याचं नाव लिहीत नाही. तिला निराधार योजनेचे महिन्याचे दीड हजार यायचे. दोन वर्षांपूर्वी अचानक यायचे बंद झाले. दोन महिने वाट बघितली, बँकेत विचारलं तर म्हणे वरूनच आले नाहीत, मग मी सुट्टी बघून तिला घेऊन कचेरीत गेलो. टेबलावरच्या माणसाने नाव विचारलं, आधार नंबर टाकला, आणि जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग काही न बोलता स्क्रीन आमच्याकडे वळवली. आजीचं पूर्ण नाव, गाव, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि शेवटच्या रकान्यात शेरा: मयत.

आजीला वाचता येत नाही. ती मला विचारतेय, "काय लिव्हलंय रे?" आणि मला सांगताच येईना. तो माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू, त्याने आजीला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण म्हणाला की सिस्टीममध्ये तसं दाखवतंय, मला इथून बदलता येत नाही, हयातीचा दाखला आणा. आजी म्हणाली, "मी उभी हाये ना तुझ्यासमोर." त्याने मान खाली घातली.

हयातीचा दाखला तर आम्ही आधीच दिला होता. आजीकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात ती आयुष्यातली प्रत्येक पोच ठेवते, लाइट बिलापासून पतपेढीपर्यंत. त्यात दाखला दिल्याची पोच निघाली, गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक सगळं असलेली. ती दाखवली तरी सगळं मिळून पाच महिने लागले. आजी कागदावर परत जिवंत झाली, पण थकलेल्या पाच महिन्यांपैकी तीनचेच पैसे आले, दोन महिन्यांचे आजपर्यंत नाहीत.

तर हे मी निबंधात लिहिलं, आणि लिहिलं की कादंबरीतला सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा बिग ब्रदर, तो आजीसाठी म्हणजे ती कचेरी. मॅडमनी पेन्सिलने समासात लिहून दिलंय की आजीचा भाग काढा, कादंबरीशी संबंध स्पष्ट होत नाही. मॅडमवर राग नाहीये, त्या खूप मनापासून शिकवतात. पण मला तो भाग काढवत नाहीये. ही कादंबरी वाचताना मला झोप लागली नाही ती उंदरांमुळे नाही, त्या एका शेऱ्यामुळे. सोमवारी फायनल कॉपी द्यायचीय. काढू का ठेवू?

वाचनवेडी

आधी एक सांगते, छान लिहिलंयस. मी स्वतः बारा वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलंय, आणि तरी तुझ्या मॅडमचं म्हणणं मला पटतंय. आजी असावी का नसावी हा मुद्दाच नाहीये, आजी कादंबरीत कुठे बसते ते तू दाखवलेलं नाहीस. आधी टेलिस्क्रीन, मग उंदीर, मग एकदम आजी. मधला जिना नाहीये.

आणि तो जिना कादंबरीतच आहे रे! पहिल्या भागाचं चौथं प्रकरण परत काढ. कादंबरीतलं मुख्य पात्र विन्स्टन, तो नोकरी काय करतो? तो सत्य मंत्रालयात रेकॉर्ड खात्यात टेबलावर बसतो. नळीतून त्याच्याकडे चिठ्ठ्या येतात, अमुक तारखेच्या द टाइम्समधला अमुक आकडा बदला, तमुक नाव काढा. तो ते बदलतो, अंक नव्याने छापला जातो, जुना अंक फाइलमधून जातो आणि चिठ्ठी भिंतीतल्या एका खाचेत टाकून जाळली जाते. त्या प्रकरणात विदर्स नावाच्या माणसाचं कौतुक जुन्या अंकात आलेलं असतं, आणि विदर्स आता नकोसा झालाय, म्हणजे तो कधी नव्हताच असं करायचंय. मग विन्स्टन काय करतो, तर त्या जागी ओगिल्वी नावाचा एक हुतात्मा सैनिक डोक्यातून काढतो. जन्मापासून मरणापर्यंत सगळं रचतो. असा माणूस कधी झालाच नाही, पण चार ओळी आणि एकदोन खोटे फोटो आले की तो झाला. आणि विन्स्टनच्या मनात येतं की गंमत आहे, मेलेली माणसं तयार करता येतात, जिवंत नाही करता येत.

हे वाच आणि मग आजीचा शेरा वाच. तिथे कागदावर मेलेला माणूस तयार केला, इथेही तेच झालंय, फक्त इथे तो माणूस समोर उभा होता.

अजून एक, विद्यार्थी हे हमखास विसरतात. विन्स्टनला हे काम आवडतं. आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद त्याला कामात मिळतो असं ऑर्वेल स्पष्ट लिहितो. आपण त्याला हिरो समजून वाचतो, सरकारशी भांडणारा एकटा माणूस वगैरे. पण सरकार रोज सकाळी जे करतं ते त्याच्याच हाताने करतं.

मनमाड_जंक्शन

थोडं कडू बोलतो, राग मानू नको. आजीला त्रास झाला हे वाईटच. पण तो सत्तेचा गैरवापर नाहीये, तो ढिसाळपणा आहे. दोन्हीत फरक करायला नको का? १९८४ मध्ये जे होतं ते मुद्दाम होतं. सत्तेतल्या पक्षाला विदर्स नकोय म्हणून विदर्स पुसला जातो. चॉकलेटचा आकडा चुकून नाही बदललेला. आजीला कोणी ठरवून मारलं का कागदावर? नाही. कोणीतरी रकाना चुकीचा भरला.

आणि हा फरक पुसला की नुकसान होतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. लाइट गेली तरी हुकूमशाही, फॉर्म परत आला तरी हुकूमशाही म्हणत बसलं तर खरी हुकूमशाही येईल तेव्हा वापरायला शब्दच उरणार नाही. ऑर्वेल तर शब्दांबद्दलच सांगतोय ना, न्यूस्पीक या सरकारी भाषेत शब्द कमी करत नेतात, मग विचारच करता येत नाही. आपण शब्द झिजवून तेच करतो. मॅडम बरोबर आहेत, आजी काढ.

देवळालीचा

मनमाडकरांनी खरी हुकूमशाही म्हटलंय म्हणून लिहितो. आमच्या घरात ती येऊन गेलीय.

माझे थोरले काका १९७५ च्या जुलैत मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता तुरुंगात ठेवायच्या कायद्याखाली, उचलले गेले. जून २५ ला आणीबाणी लागली, त्यानंतर तीन आठवड्यांनी. काकूला दोन दिवस कळलंच नाही कुठे नेलंय, मग कळलं की नाशिकरोडच्या जेलमध्ये. म्हणजे आमच्या घरापासून सायकलवर वीस मिनिटं. त्याच जेलमध्ये १९३३ साली साने गुरुजींनी श्यामची आई लिहिली, आमच्या शाळेत हे दरवर्षी सांगायचे, आणि काकू डब्बा घेऊन त्याच भिंतीपाशी उभी राहायची. का पकडलं ते लेखी कधीच दिलं नाही. मिसात दुरुस्ती करून कारणं कळवायची गरजच काढून टाकली होती. वकील म्हणायचे, काय खोडून काढू, आरोपच नाहीये हातात.

काकांची पत्रं यायची. मी ती बघितलीयेत, काकूने ठेवली होती. मधल्या मधल्या ओळी काळ्या शाईने पुसलेल्या. एका पत्रात तर नुसतं 'चि. बाळास आशीर्वाद' आणि खाली सही एवढंच वाचता येतं, मधलं सगळं काळं. आमचा चुलतभाऊ तेव्हा चार वर्षांचा, तो ते पत्र उजेडात धरून बघायचा काही दिसतं का. मोठा झाल्यावरही बघायचा. काका १९७७ च्या सुरुवातीला निवडणूक जाहीर झाल्यावर सुटले. नंतर नोकरीच्या सर्व्हिस बुकात त्या काळापुढे काय लिहिलं होतं माहितीये? 'अनधिकृत गैरहजर'. ती एक ओळ काढायला त्यांना जेलपेक्षा जास्त वर्षं लागली.

म्हणून सातपूरकर, मी मनमाडकरांच्या बाजूने लिहायला बसलो होतो, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की मलाही शेवटी शेराच आठवला. पोलिसांचा राग काकांना नंतर राहिला नव्हता. त्या ओळीचा मरेपर्यंत राहिला.

कायदा_शिकतोय

देवळालीचा दादा, वाचून अंगावर काटा आला.

वकिलांच्या हातात काही नव्हतं ते किती खरं होतं बघा. एडीएम जबलपूरचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, निकाल २८ एप्रिल १९७६. प्रश्न एवढाच की आणीबाणीत बेकायदा पकडलेल्या माणसाला हेबियस कॉर्पस, म्हणजे मला कोर्टापुढे हजर करा असा आदेश, मागता येतो का. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी ॲटर्नी जनरलना विचारलं, समजा एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काही उपाय आहे का? उत्तर आलं की आमच्या भूमिकेप्रमाणे आणीबाणी आहे तोवर नाही. तरीही निकाल चार विरुद्ध एकने सरकारच्या बाजूने लागला. एकटे खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून ज्युनियरला सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला.

नंतर ४४ वी घटनादुरुस्ती आली १९७८ ला, आता अंतर्गत अशांततेच्या नावाखाली आणीबाणी लावता येत नाही, सशस्त्र बंड लागतं, आणि जगण्याचा हक्क म्हणजे कलम २१ आणीबाणीतही थांबवता येत नाही. जबलपूरचा निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टाने स्वतः म्हणायला मात्र २०१७ उजाडलं, प्रायव्हसीच्या निकालात. ४१ वर्षं तो कागद फाइलमध्ये तसाच होता.

निबंधासाठी मला यातून एक वापरण्यासारखं वाटतं. खन्नांचा अल्पमताचा निकाल तेव्हा हरलेला होता, पण तो लिहिलेला होता, छापलेला होता, कोणी जाळला नाही. कादंबरीत तो जाळला गेला असता आणि खन्ना नावाचे न्यायमूर्ती कधी नव्हतेच असं झालं असतं. म्हणून जुना कागद ठेवणं ही साधी गोष्ट नाहीये.

दारणाकाठ

आणीबाणीचा विषय निघालाच आहे तर कऱ्हाडचं साहित्य संमेलन आठवा, १९७५. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री स्टेजवर बसलेले, आणि दुर्गाबाईंनी तिथेच जयप्रकाश नारायणांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. माझे वडील तिथे हजर होते. ते सांगायचे की मांडवात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. पुढे बाईंना अटक झालीच. हे निबंधात नको घालू, विषय पसरेल, पण वाच कधीतरी.

अव्वल_कारकून_निवृत्त

मी शक्यतो लिहीत नाही. पण चौतीस वर्षं महसुलात काढलीयेत, आणि पोराने विचारलंय म्हणून लिहितो.

मयत शेरा कसा पडतो ते आधी सांगतो. लाभार्थ्यांची यादी दरवर्षी तपासायची असते. वरून पत्र येतं, अमुक तारखेपर्यंत पडताळणी पूर्ण करून अहवाल सादर करावा. यादी गावोगाव जाते. गावात एकाच नावाच्या चारचार बायका असतात, नवऱ्याचं नावही जुळतं कधीकधी. गावातून कोणीतरी पेन्सिलीने टिक करून देतं, ही गेली, ही गेली. नियमाने प्रत्येक टिकची खातरजमा करायची, मृत्यू नोंद बघायची. पण आठशे नावं आणि हातात चार दिवस असले की खातरजमा होत नाही, टिक बघून शेरा पडतो. आता कॉम्प्युटर आलाय तर एकदा पडलेला शेरा काढायला वरचं लॉगिन लागतं. पूर्वी निदान लाल शाईने गोल करून सही करता यायची.

मनमाडचे भाऊ म्हणतात हा ढिसाळपणा आहे, गैरवापर नाही. मीही नोकरीत असताना असंच म्हणायचो. पण एक गोष्ट आहे, ती कोणाला सांगितलेली नाही.

१९९६ किंवा ९७ असेल. अशाच यादीत मी एका बाईपुढे शेरा मारला. ती बाई कचेरीत आली. मला तिथल्या तिथे कळलं की चूक माझी आहे, कारण टिक दुसऱ्या नावापुढे होती, मी ओळ चुकलो होतो. अहवाल सादर झाला होता, साहेबांनी सही केली होती. दुरुस्ती करायची तर टिपणी लिहावी लागली असती की माझ्याकडून खातरजमा झाली नाही. माझी बढती तोंडावर होती. मी तिला म्हणालो पुढच्या सोमवारी या. ती सोमवारी आली. मी म्हणालो फाइल वर गेलीय. ती तीन वेळा आली, पायात चप्पल नव्हती, मला ते पाय आजही दिसतात. चौथ्यांदा आली नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे खरं लिहितोय.

ओळ चुकली तो ढिसाळपणा. पण पहिल्या सोमवारनंतर जे झालं ते काय होतं? माझ्याकडे एक टेबल होतं, एक शिक्का होता, आणि मी ते स्वतःची सही वाचवायला तिच्याविरुद्ध वापरलं. मला कोणी वरून आदेश दिला नव्हता. गैरवापर याला नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं.

पोरा, आजी काढू नकोस. आणि तुझ्या त्या विन्स्टनबद्दल नीट लिही. मी पुस्तक वाचलेलं नाही, पण वाचनवेडी ताईंनी लिहिलंय तो माणूस मला चांगला माहीत आहे.

मनमाड_जंक्शन

काका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. हे लिहायला धैर्य लागतं.

माझं म्हणणं मी थोडं बदलतो, पूर्ण नाही. ढिसाळपणा आणि गैरवापर यांच्यामध्ये मी जी भिंत समजत होतो ती तिथे नाहीये हे मान्य. माणसाला चूक कळते आणि तो ती झाकायचं ठरवतो, त्या क्षणी ती चूक राहत नाही. पण तरी कादंबरीत आणि आपल्यात एक फरक आहेच, आणि सातपूरकरने तो लिहावा. ओशनियात, म्हणजे कादंबरीतल्या देशात, विदर्सच्या बायकोला जाऊन भांडायला खिडकीच नाहीये. दाखवायला पोच नाहीये. आजीला होती. पाच महिने लागले, दोन महिन्यांचे पैसे बुडाले, पण शेरा निघाला. ही गोष्ट लपवून आजीला ओशनियात नेऊन बसवलंस तर तो निबंध खोटा होईल. आजी ओशनियात का नाही, हा तुझा प्रश्न असू दे.

वाचनवेडी

मनमाडकरांनी अगदी नेमकं सांगितलं. काका, तुम्हाला नमस्कार.

ऑर्वेलबद्दल थोडं, कारण तो हे कुठून शिकला ते कळलं की सातपूरकरला बळ येईल. हा माणूस १९०३ साली आपल्याकडेच जन्मला, बिहारात मोतिहारीला. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. स्वतः १९ व्या वर्षी पोलीस खात्यात भरती होऊन ब्रह्मदेशात गेला, १९२२ ते २७. पाच वर्षं साम्राज्याचा दंडुका याच्या हातात होता, नंतर नोकरी सोडली आणि त्या काळाची टोचणी आयुष्यभर लिहीत राहिला. मग युद्धात १९४१ ते ४३ बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये, हिंदुस्थानासाठीच्या विभागात. ऑन एअर जाणारा प्रत्येक शब्द आधी सेन्सॉर व्हायचा. त्याची बायको आयलीन काही काळ माहिती मंत्रालयाच्या सेन्सॉर खात्यात कामाला होती. म्हणजे खाडाखोड करायचं टेबल त्याने घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे बघितलेलं.

आणि हे मराठी वाचकांना फारसं सांगितलं जात नाही, त्याने तिथे दर आठवड्याला युद्धाच्या बातम्यांची जी पत्रकं लिहिली त्यातली काही भाषांतर होऊन मराठीतही जायची! आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तेव्हा तिथे त्याच्यासोबत काम करायच्या. ती बातमीपत्रं म्हणजे शेवटी सरकारी प्रचारच होता, आणि हे त्याला पुरतं माहीत होतं. पाचसहा वर्षांनी, जून १९४९ ला, १९८४ आली. मला तरी वाटतं विन्स्टनच्या टेबलावर बसून बघितल्याशिवाय ते चौथं प्रकरण कोणाला लिहिता येणार नाही.

सातपूरकर_०५

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो, काल रात्री तीनपर्यंत जागा होतो.

काका, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी पहिल्यांदा मोबाईल बाजूला ठेवून दिला. मला तुमचा राग यायला पाहिजे होता, कारण आजीसुद्धा अशीच सोमवार-सोमवार गेली असती मी नसतो तर. पण राग आला नाही. तुम्ही तेव्हाच्या त्या बाईंबद्दल लिहिलंत म्हणून निदान आज इथे पन्नास लोकांना तरी माहितीये की त्या होत्या.

मी वाचनवेडी मॅडमनी सांगितलेलं प्रकरण वाचलं आणि पुढे वाचतच गेलो आणि एका ठिकाणी अडकलो, जिथून मी पहिल्या वेळी सरळ पुढे गेलो होतो. जोन्स, आरनसन आणि रदरफोर्ड, पक्षातली तीन जुनी माणसं, यांनी कबुलीजबाब दिलेला असतो की अमुक दिवशी आम्ही शत्रूच्या मुलखात जाऊन गुपितं विकली. आणि विन्स्टनच्या हातात कामाच्या कागदांमधून चुकून जुन्या पेपरचा एक तुकडा येतो, फोटो आहे, त्याच दिवशी ते तिघं न्यूयॉर्कमध्ये पक्षाच्या कार्यक्रमात बसलेत. म्हणजे कबुली खोटी आहे याचा पुरावा. अख्ख्या कादंबरीत हातात धरता येईल असा हा एकच पुरावा त्याला मिळतो. तो काय करतो? दहा मिनिटं कागदाखाली लपवून ठेवतो, छाती धडधडतेय, आणि मग कोणीही सांगितलेलं नसताना स्वतःच त्या खाचेत टाकून देतो. नंतर छळाच्या खोलीत पक्षाचा वरचा अधिकारी ओब्रायन तोच फोटो त्याच्या डोळ्यांसमोर धरतो, जाळतो आणि म्हणतो असा फोटो नव्हताच, मला आठवत नाही. आणि आपल्याला ओब्रायनची चीड येते. मलाही आली होती. पण अकरा वर्षांपूर्वी तेच काम विन्स्टनने केलेलं होतं.

आता निबंध परत लिहिला. टेलिस्क्रीन दोन ओळींत उरकला, उंदीर काढून टाकले. विन्स्टनचं टेबल, ओगिल्वी आणि तो फोटो यावर चार पानं झाली. मग आजी. आजीचा बिग ब्रदर ती कचेरी आहे हे वाक्य खोडलं. त्या जागी मी लिहिलंय की स्क्रीन वळवून दाखवणारा माणूस आणि विन्स्टन एकाच प्रकारच्या खुर्चीवर बसलेत, आणि त्या माणसाने स्क्रीन आमच्याकडे वळवली, विन्स्टनने ती कधी कोणाकडे वळवली नाही. मनमाडकर, तुमचा फरक त्यात आहे. देवळालीचा दादा, परवानगी असेल तर सर्व्हिस बुकातली ती ओळ मी नाव न घेता घेतलीय.

शनिवारी गावी गेलो होतो तेव्हा आजीला फोटोची गोष्ट सांगितली, माझ्या पद्धतीने, पुढारी आणि पेपर असं करून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याची झेरॉक्स नव्हती काढली?" मी म्हटलं नाही गं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही, शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "घाबरला आसंल. एकला व्हता ना त्यो."

देवळालीचा

परवानगी कशाला मागतोस. घे.

अव्वल_कारकून_निवृत्त

निबंधाचं तू बघ, आता पैशाचं बघू. दोन महिन्यांचे तीन हजार सोडायचे नाहीत. साध्या अर्जाने होणार नाही, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कर. साधा कागद, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. आजी दारिद्र्यरेषेखाली असेल तर तेही लागत नाही, दाखल्याची प्रत जोड. पैसे का दिले नाहीत असं विचारू नकोस, का विचारलं की ही माहिती नाही म्हणून अर्ज परत करतात. कागद माग. एक, ज्या दिवशी हयातीचा दाखला दिला त्या दिवसाच्या आवक नोंदवहीच्या पानाची साक्षांकित प्रत. दोन, मयत शेरा ज्या पडताळणी अहवालावरून पडला त्या अहवालाची प्रत, खातरजमा केल्याच्या कागदासह. तीन, शेरा काढल्याच्या टिपणीची प्रत आणि थकीत रकमेबाबत त्या टिपणीवर काय आदेश झाला ते. पोचेवरचा आवक क्रमांक अर्जात लिही. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयात वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

दुसऱ्या क्रमांकाचा कागद त्यांच्याकडे बहुतेक नसणार. तो नाही हे लेखी आलं की थकबाकीचं काम पुढे सरकेल.

कायदा_शिकतोय

काकांच्या यादीत एक वाढव, नस्तीची, म्हणजे फाइलची, प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी असंही लिही, तो हक्क कायद्यात आहे. पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. मी सोबत येतो हवं तर, गुरुवारी लेक्चर नसतात.

सातपूरकर_०५

अपडेट. सोमवारी निबंध दिला. मॅडमनी तिथेच चाळला, आजीच्या पानावर थांबल्या, म्हणाल्या हे राहू दे. मार्क अजून यायचेत.

गुरुवारी कायदा_शिकतोय आणि मी सकाळच्या एसटीने गेलो, आजी आधीच बस स्टँडवर येऊन बसली होती, डबा मांडीवर. अर्ज खिडकीवर दिला. तिथे आता दुसरी व्यक्ती आहे, ताई होत्या, त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, आजीकडे बघितलं आणि काही न बोलता नोंद केली. आजीने अंगठा दिला. पोच मिळाली, शिक्का जरा पुसट उठलाय पण आवक क्रमांक वाचता येतोय. मी फोटो काढून ठेवलाय, आणि आजीने दोन झेरॉक्स काढायला लावल्या.